हरभऱ्याची मर आणि बुरशीची कुळकथा

दसरा-दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे कोयता आणि संसार टोळीच्या गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाच्या साखरपट्ट्याकडे निघतात. मुले आपल्यासारख्या निवासी शाळांत राहतात, आणि ज्यांच्या नावावर एक-दोन एकर जमीन आहे ते जाण्यापूर्वी तीत हरभरा पेरून जातात. हरभऱ्याला पाणी फारसे लागत नाही, खताची मागणी बेताची असते, जमिनीत धरून राहिलेल्या ओलीवर तो येतो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर सोडता यावे असे हे पीक आहे. पण पेरणीनंतर महिनाभरात कधीकधी असे घडते की काल हिरवीगार असलेली रोपे आज माना टाकतात. पाने पिवळीही पडत नाहीत, नुसती मलूल होऊन लोंबतात. पाहणाऱ्या आजीला वाटते, झाड तहानले आहे. ती घागरभर पाणी घालते. झाड उठत नाही. चार दिवसांनी शेजारचे झाड जाते, मग त्याच्या शेजारचे.

हीच हरभऱ्याची मर. हा रोग आपल्याकडे इतका ओळखीचा आहे की त्याच्याविषयी काही नवीन जाणून घ्यायचे उरले आहे असे कोणास वाटत नाही. परंतु गेल्या काही दशकांत हैदराबादजवळील पटान्चेरू, पुणे आणि राहुरी येथील संशोधकांनी या रोगाला जो प्रश्न विचारला, तो साधा असूनही आपण शेतकऱ्यांनी कधी विचारला नव्हता. मारणारा एकच आहे की अनेक? या प्रश्नाचे उत्तर कसे मिळत गेले आणि त्याचा आपल्या वावराशी काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

झाड तहानलेले आहे हा आजीचा अंदाज मुळात चुकीचा नसतो. झाड खरोखरच तहानेने मरत असते. मात्र जमिनीत पाणी असूनही ते वर चढत नाही. असे झाड मुळासकट उपटून त्याचे खोड ब्लेडने उभे चिरले तर आत तपकिरी-काळपट रेघ दिसते. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या ज्या सूक्ष्म नळ्या खोडात असतात, त्यांत एक बुरशी शिरलेली असते. तिचे शास्त्रीय नाव फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. हरभऱ्यावर जगणाऱ्या तिच्या शाखेला पुढे ‘सिसेरिस’ असे जोडनाव आहे. केळी, टोमॅटो, कापूस यांच्यावर जगणाऱ्या तिच्या इतर शाखा आहेत आणि त्या सहसा एकमेकींच्या पिकाच्या वाटेला जात नाहीत. ही बुरशी मुळांतून आत येते व नळ्यांमध्ये वाढते. तिला अडविण्यासाठी झाड स्वतःच डिंकासारखा पदार्थ सोडून नळ्या बंद करू लागते. हल्ला आणि बचाव, दोहोंनी मिळून पाण्याची वाट बुजते.

पीक निघून गेल्यावर बुरशी मरत नाही. जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपाने ती मातीत पडून राहते. पटान्चेरू येथे १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. एम. पी. हावरे आणि डॉ. यशवंत नेने यांनी या रोगावर दीर्घकाळ काम केले. मर लवकर लागली तर झाडाचे ७७ ते ९४ टक्के आणि उशिरा लागली तर २४ ते ६५ टक्के उत्पन्न जाते, हे त्यांनी १९८० मध्ये मोजून दाखविले. हरभरा पेरलाच नाही तरीही ही बुरशी मातीत किमान ६ वर्षे जिवंत राहते, हेही हावरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सिद्ध केले.

या ६ वर्षांच्या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. पुस्तकात उपाय लिहिलेला असतो : पिकाची फेरपालट करावी. ज्याच्याकडे वीस एकर आहेत तो हरभऱ्याला दरवर्षी नवा तुकडा देऊ शकतो. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत, किंवा भूमिहीनांच्या सत्याग्रहांनंतर कसायला मिळालेला गायरानाचा एक पट्टा आहे, त्याने ६ वर्षे हरभरा कुठे पेरावा? बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला होता. त्यातील विवेचन अर्थशास्त्राचे आहे, बुरशीशी त्याचा संबंध नाही. पण रोगाचे नुकसान सर्वांना सारखे होत नाही आणि उपायही सर्वांना सारखा परवडत नाही, ही गोष्ट शेतीशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेली आढळते. लहान शेतकऱ्यापुढे खरा पर्याय एकच उरतो, आणि तो म्हणजे मर न लागणारे वाण. म्हणून पुढे जे सांगायचे आहे ते प्रयोगशाळेतले असले तरी त्याचा भार याच दोन एकरांवर आहे.

रोग कसा घडतो हे बौद्ध वाचकांस सांगणे सोपे आहे. वनस्पतिरोगशास्त्रात एक त्रिकोण शिकवितात. रोगाला बळी पडणारे झाड, रोग घडवू शकणारा जंतू आणि त्यास मानवणारे हवामान, हे तिन्ही एकत्र आले तरच रोग होतो. एक काढून घेतले की तो होत नाही. प्रतीत्यसमुत्पाद ज्याने ऐकला आहे त्यास हे ओळखीचे वाटेल. मर लागली म्हणजे जमिनीला नजर लागली, कोणाचा तळतळाट भोवला, अशी बोलणी अजूनही ऐकू येतात. कारणे मोजता येतात आणि एखादे कारण तोडता येते, ही दृष्टी एकदा आली की अशा बोलण्याला जागा उरत नाही. त्रिकोणातील हवामान आपल्या हातात नाही. पेरणीची वेळ थोडी मागेपुढे करणे तेवढे शक्य असते. उरतात झाड आणि जंतू. यांपैकी झाडाचे वाण बदलता येते. पण कोणत्या जंतूविरुद्ध?

येथेच १९८२ चे काम महत्त्वाचे ठरते. एका ठिकाणी मर न लागणारे वाण दुसऱ्या ठिकाणी मरते, असा अनुभव संशोधकांना येत होता. हावरे आणि नेने यांनी हरभऱ्याची दहा वाणे निवडली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील ‘चाफा’ होते, कर्नाटकातील ‘अण्णिगेरी’ होते आणि ‘जेजी ६२’ नावाचे एक विलक्षण वाण होते. या जेजी ६२ ला एका देठावर दोन-दोन घाटे लागतात, पण मर त्याला हमखास गाठते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेली बुरशी या दहा वाणांवर घालून त्यांनी पाहिले की कोणती बुरशी कोणाला मारते आणि कोणाला सोडते. नमुने चार प्रकारचे निघाले. हैदराबादकडील बुरशीला पहिली, कानपूरकडील बुरशीला दुसरी, पंजाबातील गुरदासपूरच्या बुरशीला तिसरी आणि हरियाणातील हिसारच्या बुरशीला चौथी ‘रेस’ असे क्रमांक मिळाले. मराठीत आपण यांस वंश म्हणू. पुढे स्पेन आदी देशांतील वंश धरून जगात अशा आठ वंशांची नोंद झाली.

सूक्ष्मदर्शकाखाली हे वंश सारखेच दिसतात. तेच चंद्रकोरीसारखे बीजाणू, तसेच पांढरट तंतू. दिसण्यावरून, रंगावरून वा जन्मस्थानावरून त्यांची विभागणी झालेली नव्हती. कोण कोणाला मारतो या एकाच कसोटीवर ती झाली होती. वसल सुत्तात माणसाची पारख करण्यासाठी जन्म बाजूला ठेवून कृतीची कसोटी लावली आहे. बुरशीच्या अभ्यासकांनी नकळत तीच लावली होती. माणसांच्या बाबतीत ती कसोटी पुरेशी आहे. बुरशीच्या बाबतीत मात्र ती पुरली नाही, आणि पुढे तिच्या कुळाची चौकशी करावी लागली, ही या कथेतील गंमत आहे.

ही चौकशी पुण्यात झाली. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हटले की रसायने, प्लास्टिक, कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण डॉ. प्रभाकर रांजेकर यांच्या पुढाकाराने तेथे वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. डॉ. विद्या गुप्ता यांनी त्याच विभागात भात, बाजरी, गहू, हरभरा अशा आपल्या ताटातल्या पिकांवर आणि त्यांच्या रोगांवर वर्षानुवर्षे काम केले. बाजरीला जो गोसावी रोग होतो, ज्यात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, त्याच्या जंतूंमधील आनुवंशिक भेदही या गटाने इक्रिसॅटबरोबर तपासले होते व तो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. हरभऱ्याच्या मरीचा विषय त्याच वाटेने पुढे आला.

त्यांची पद्धत समजून घेणे अवघड नाही. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएची लांबलचक साखळी असते. तिच्यात चार प्रकारच्या घटकांची अक्षरांसारखी मांडणी असते. या साखळीत काही जागी तीच दोन-चार अक्षरे पुन्हापुन्हा येतात, जणू बोलताना एखादा शब्द अडखळून दहा वेळा उच्चारला जावा. अशी पुनरावृत्ती कुठे आणि किती वेळा येते हे वंशपरत्वे बदलते. साखळीचे तुकडे करून या अडखळण्याच्या जागा शोधल्या की पट्ट्यापट्ट्यांचे एक चित्र मिळते. अंगठ्याच्या ठशासारखा त्याचा ओळखीसाठी उपयोग होतो. जुन्या पद्धतीत दहा वाणे कुंड्यांत पेरून, बुरशी घालून, कोण मरते याची वाट पाहावी लागे. हा ठसा मात्र थेट बुरशीकडूनच घेता येतो.

२००१ मध्ये बर्वे, हावरे, सैनानी, रांजेकर आणि गुप्ता यांचा या ठशांवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतातील चारही वंश ठशांवरून वेगळे ओळखता येतात हे त्यातून सिद्ध झाले. पण त्यातील आकडे पाहिले तर काहीतरी खटकत होते. पहिला आणि चौथा वंश एकमेकांशी सुमारे ७७ टक्के जुळत होते. दुसरा त्यांच्याशी सुमारे ६७ टक्के जुळत होता. तिसरा वंश, तो गुरदासपूरचा, इतरांशी जेमतेम २७ टक्के जुळत होता. एकाच घरात वाढलेल्या चार भावंडांपैकी एकाचा चेहरा इतका परका निघावा, तसे हे होते.

त्याचा उलगडा २००९ मध्ये झाला. गुर्जर, बर्वे, गिरी आणि गुप्ता यांनी पेशीत प्रथिने तयार होताना उपयोगी पडणाऱ्या एका जनुकाची अक्षरे वाचली. जाती-जातींमधील नाते तपासण्यास हे जनुक विश्वासार्ह मानले जाते. निष्कर्ष असा निघाला की तिसरा वंश हा फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम नव्हताच. तो फ्युजेरियम प्रोलिफेरॅटम नावाच्या वेगळ्याच जातीचा होता. पंचवीसहून अधिक वर्षे आपण ज्याला भावंड समजत होतो तो शेजारच्या घरचा निघाला. दोघेही झाडाला एकाच पद्धतीने मारत होते, म्हणून कोणास शंका आली नव्हती.

याचा शेतकऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध असा की ‘मर प्रतिकारक’ हे दोन शब्द बियाण्याच्या पिशवीवर छापलेले असतात, पण प्रतिकार हा नेहमी कोणाविरुद्ध तरी असतो. हरभऱ्याच्या झाडात वेगवेगळ्या वंशांना रोखणारी वेगवेगळी जनुके आहेत. पहिल्या वंशाविरुद्धच्या जनुकांबाबत १९८० च्या दशकात एक सुरेख प्रयोग झाला. ‘सी १०४’ आणि ‘के ८५०’ ही दोन वाणे मरीला बळी पडतात, पण उशिरा. या दोन उशिरा मरणाऱ्यांचा संकर केला असता दुसऱ्या पिढीत काही झाडे अशी निघाली की ज्यांना मर लागलीच नाही. प्रत्येक पालकाकडे अर्धा बचाव होता. मुलांपैकी काहींना दोन्ही अर्धे मिळाले.

या बचावाचा डीएनएतील पत्ता शोधण्याचे कामही महाराष्ट्रातच झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले ‘विजय’ हे हरभऱ्याचे वाण आपल्या परिचयाचे आहे. याच विद्यापीठाचे ‘विशाल’ आणि ‘दिग्विजय’ही तसेच. विद्यापीठातील हरभरा पैदासकार डॉ. एल. बी. म्हसे आणि पुण्याचा गट यांनी हमखास मरणारे जेजी ६२ आणि तगून राहणारे विजय यांचा संकर करून त्यांच्या संततीच्या अनेक ओळी वाढविल्या. कोणती ओळ मरते, कोणती जगते आणि जगणाऱ्या ओळींत डीएनएच्या कोणत्या खुणा समान आहेत, हे त्यांनी ताडून पाहिले. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वंशाविरुद्धची जनुके हरभऱ्याच्या आनुवंशिक नकाशावर कोणत्या खुणांच्या मध्ये बसली आहेत, ते त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. एका विद्यापीठाने शेतात उभे केलेले वाण आणि एका प्रयोगशाळेने वाचलेली अक्षरे यांची ही जोडी मला या संपूर्ण कथेत सर्वांत मोलाची वाटते. राहुरीत वर्षानुवर्षे मरीच्या जमिनीत झाडे पेरून मेलेली मोजणारी माणसे नसती, तर पुण्यातल्या यंत्रांना वाचायला काहीच नसते.

खुणा कळल्याचा लाभ असा की नव्या संकराचे रोपटे चार पानांचे असतानाच त्याचे एक पान घेऊन ते मरीला तोंड देईल की नाही हे सांगता येते. पूर्ण हंगाम थांबावे लागत नाही. अशाच पद्धतीने, चौथ्या वंशाला रोखणारे जनुक ‘डब्ल्यूआर ३१५’ या वाणातून अण्णिगेरीत आणून इक्रिसॅट आणि रायचूरच्या कृषी विद्यापीठाने ‘सुपर अण्णिगेरी १’ हे वाण तयार केले. येथे एक खुलासा करणे भाग आहे, कारण सभेत हा प्रश्न हटकून येतो. ही वाणे बीटी कापसासारखी नाहीत. त्यांत दुसऱ्या सजीवाचे जनुक घातलेले नाही. हरभऱ्याचाच हरभऱ्याशी संकर आहे, निवड तेवढी डोळसपणे केलेली आहे.

मग प्रश्न सुटला काय? नाही, आणि त्याचे कारण बुरशीच्याच पोटात आहे. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरममध्ये नर-मादीचा संयोग आजवर आढळलेला नाही, म्हणून ती बदलेल तर सावकाश बदलेल अशी समजूत होती. २०१० मध्ये ली-जून मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात टोमॅटोच्या मरीच्या बुरशीविषयी जे प्रसिद्ध केले त्याने ही समजूत ढळली. रोग घडविण्याची क्षमता असलेले संपूर्ण गुणसूत्र एका बुरशीतून दुसरीत जाऊ शकते, आणि ते मिळाल्यावर निरुपद्रवी बुरशीही रोगकारक बनते, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. म्हणजे कुळाची चौकशी एकदा करून भागणार नाही. ती पुन्हा करावी लागेल.

आपल्या शिवारात यातून काय करता येते, ते आता सांगतो. बियाणे लांबच्या ओळखीपाळखीतून, खात्री नसताना आणू नये. ही बुरशी दाण्याच्या देठाकडील खाचेत लपून प्रवास करते, आणि तसे बियाणे आणणे म्हणजे दुसऱ्या मुलखातला वंश स्वतःच्या हाताने आपल्या मातीत पेरणे होय. राहुरीची वाणे, अकोल्याचे ‘जाकी ९२१८’, बदनापूरचे ‘आकाश’, यांपैकी जे आपल्या जमिनीत टिकते ते लावावे. बियाण्यास पेरणीपूर्वी किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळावा. ट्रायकोडर्मा हीही बुरशीच आहे, पण ती फ्युजेरियमवर मात करते. जमीन तापलेली असताना घाईने पेरू नये, कारण उबदार मातीत ही बुरशी जोरात असते. टोळीची गाडी दारात उभी असताना हे सांगणे सोपे आणि करणे कठीण, याची मला जाणीव आहे. मेलेली झाडे उपटून जाळावीत, बांधावर टाकू नयेत. जमेल तेथे मधल्या वर्षी शाळू घ्यावा. ६ वर्षे नाही, तरी एका वर्षानेही मातीतील बुरशीचा भार काहीसा हलका होतो.

शेवटची गोष्ट ओळखीची. आपल्याकडे हरभऱ्याचे झाड वाळले की सरसकट ‘मर आली’ म्हणतात. पण मानेजवळ पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती मानकुज असते. ऊन आणि दुष्काळात मुळे वाळून कडक होतात, उपटताना तुटतात, आणि झाड गवताच्या रंगाचे होते. ती कोरडी मूळकुज, आणि आपल्या हलक्या जमिनींत तीही पुष्कळ दिसते. मर प्रतिकारक वाण या दोन्ही रोगांनी मरू शकते आणि मग दोष वाणाला किंवा बियाणे देणाऱ्याला जातो. म्हणून आधी खोड चिरून रेघ पाहावी. शंका राहिली तर चार-पाच झाडे मुळांसकट, ओली माती झटकून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा अंबाजोगाईच्या कृषी महाविद्यालयात दाखवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नयेत. पिशवीत झाड घामेजून कुजते, त्यावर भलतीच बुरशी वाढते आणि तपासणाऱ्याच्या हाती तिचेच नाव लागते.